बारीककाकांच्या हातचं शेवटचं पिस्तूल

बारीककाका अंगाने चांगले गोलमटोल होते. नाव पडलं होतं ते त्यांच्या तोंडच्या वाक्यावरून. कुणी काहीही दुरुस्तीला आणलं, की वस्तू उलटीपालटी करून ते म्हणायचे, "बारीक काम आहे हं!" मग ते कुलूप असो, तिजोरी असो, नाहीतर नेमबाजीचं पिस्तूल. पिस्तुलं दुरुस्त करायचा परवाना असलेले त्या गावात ते एकटेच. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी टेबल, टेबलाला वस्तू घट्ट पकडायचा व्हाइस, भिंतीवर टांगलेल्या कानशी आणि सगळीकडे तेलाचा वास.

पण आधी डाव्या डोळ्याने दगा दिला, मग उजव्यानेही. हा मोतीबिंदू नव्हे, यावर ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. कडेचं सगळं दिसायचं, पण जिथे नजर लावावी नेमकं तिथेच धुरकट. माणसाकडे बघितलं की कान दिसायचे आणि चेहरा पुसलेला. हे फक्त बायकोला ठाऊक होतं. बाकी गिऱ्हाइकाला आवाजावरून ओळखून काका वेळ मारून न्यायचे. कुलपं तर हाताच्या सवयीनेच उघडायची.

अशातच एका दुपारी भूमितीच्या बाई आल्या. शाळेत भूमिती शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणत. कॉलेजात असताना त्यांनी एक वापरलेलं पिस्तूल घेतलं होतं, एका वेळी एकच गोळी भरायचं, निव्वळ नेमबाजीसाठीचं. तेव्हापासून त्याचं सगळं दुखणंखुपणं काकांनीच काढलं होतं. बाई पन्नाशीला आल्या तरी काका त्यांना पोरीच म्हणत.

"काका, हे आता माझं ऐकत नाही," पेटी टेबलावर ठेवत बाई म्हणाल्या. "गोळी भरून पिस्तूल बंद केलं, की चापाला बोट लावायच्या आधीच सुटतं. परवा गोळी पुढ्यातल्या मातीत घुसली. नेमबाजीच्या मैदानावरच्या साहेबांनी सगळ्यांसमोर मला बाजूला बसवलं. हे नीट होईपर्यंत आत आणायचं नाही म्हणाले."

"कुणाला लागलं नाही ना?"

"नाही. पण माझी झोप उडाली आहे."

काकांनी पिस्तूल उघडलं. ते त्यांना डोळे मिटूनही उघडता आलं असतं. चाप ओढेपर्यंत आतली हातोडी अडवून धरणारा एक नखाएवढा पोलादी तुकडा असतो. त्याची धार त्यांनी बोटाने चाचपली. झिजून गुळगुळीत झाली होती.

"नवा तुकडा मिळेल?" बाईंनी विचारलं.

"कुठला मिळतोय! कारखाना बंद पडून जमाना झाला. हाच घासून पुन्हा धार काढायला लागेल."

आतल्या दारात काकांची बायको येऊन उभी होती. ती म्हणाली, "अहो, सध्या हातात कामं फार आहेत ना तुमच्या?"

बाईंना काय कल्पना! त्या म्हणाल्या, "काका, दुसऱ्या कुणाच्या हातात मी हे देणार नाही. आई अंथरुणाला खिळलीय, शाळा संपली की मी घरात. रविवारची सकाळ तेवढी माझी. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. तुम्ही नाही म्हणालात तर हे कपाटात जाईल."

"बारीक काम आहे," काका म्हणाले. "ठेवून जा, पोरी."

बाई गेल्यावर बायकोने तोफ डागली. "नाही म्हणायला काय जीभ झडत होती का तुमची?"

"इतकी वर्षं मीच करतोय ना?"

"इतकी वर्षं दिसत होतं."

दुसऱ्या दिवशी उन्हाची तिरीप टेबलावर आल्यावर त्यांनी तुकडा व्हाइसमध्ये धरला आणि धार लावायचा तेलाचा दगड घेतला. बायको रुसलेलीच होती, तरी दिवा धरून शेजारी उभी राहिली. भिंगातून बघायला गेलं की तुकड्याच्या जागी राखाडी डाग. मान वाकडी करून कडेने बघितलं तर दोन धारा दिसत. मग त्यांनी डोळ्यांचा नाद सोडला आणि बोटावर भरवसा ठेवला. अशा तुकड्याला वरवर पाणी दिलेलं असतं. कडक असतो तो वरचा पापुद्राच, खाली पोलाद मऊ. दगड एकदोनदा हलक्या हाताने फिरवायचा आणि थांबायचं. कुठे थांबायचं ते डोळा सांगतो. काका थांबले तोवर पापुद्रा गेला होता.

पिस्तूल जुळवून त्यांनी गोळी न भरता हातोडी चढवली आणि चापाला बोट न लावता मुठीवर लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोकलं. हातोडी खट्‌कन पडली. पुन्हा चढवली, पुन्हा पडली.

"झालं का?" बायकोने विचारलं.

"दिवा ठेव खाली," काका म्हणाले.

त्यानंतर त्यांनी जुन्या कानशीच्या पोलादातून नवा तुकडा घडवायचा प्रयत्न केला. एक तिरका झाला, दुसरा पाणी देताना तडकला, तिसरा हातातून निसटून फरशीवर पडला आणि तो शोधायला बायकोला बोलवावं लागलं. मधल्या काळात बाईंचे फोन येत. काका म्हणत, "पार्ट मागवलाय, येतोय." आयुष्यात गिऱ्हाइकाला थाप मारली नव्हती. आता रोज एक मारत होते. जेवण सुटलं. पुढेपुढे तर फोन वाजला की ते न्हाणीघरात जाऊन बसायचे.

स्पर्धा होऊन गेली. पुढच्या आठवड्यात बाई स्वतःच आल्या. काकांनी पेटी पुढे सरकवली.

"पोरी, माझ्या हातून हे कामातून गेलं. पार्ट कुठलाच मागवला नव्हता. मला दिसत नाही. बरेच दिवस झाले."

बाईंनी पेटी उघडली, तो तुकडा तळहातावर घेऊन बघितला. त्यांचा चेहरा काकांना दिसत नव्हता. फक्त श्वास ऐकू येत होता.

"दिसत नव्हतं तर घेतलंत कशाला, काका?"

काका म्हणाले, "नाही म्हणवलं नाही."

"मी रोज फोन करत होते." बाईंचा आवाज चिरकला. "तेव्हा सांगितलं असतंत तर स्पर्धेसाठी क्लबाचं पिस्तूल तरी हाताला बसवून घेतलं असतं मी."

काकांची बायको आतून पाणी घेऊन आली. बाईंनी पेला घेतला नाही. पेटी छातीशी धरून त्या पायऱ्या उतरल्या.

पुढे बऱ्याच दिवसांनी मैदानाचा रखवालदार क्लबाच्या पिस्तुलांची पिशवी घेऊन आला. काकांनी आधी बाईंचं विचारलं.

"त्या? येतात कुठे आता! क्लबाचं घेऊन पाहिलं एकदोनदा, हाताला मोठं होतं. विचारलं तर म्हणतात, रविवारी आईला न्हाऊ घालायचं असतं." मग त्याने पिशवीची गाठ सोडली. "ही चार आहेत. बघता का?"

"मधलं दिसत नाही मला," काका म्हणाले. "ने परत."

रखवालदार आधी हसला. बारीककाका चेष्टा करतायत असं त्याला वाटलं. पण काका त्याच्या कानाकडे बघत होते. त्याने मुकाट्याने गाठ मारली, "बरं, काका" म्हणाला आणि निघाला. चपला घालताना एकदा वळून बघून गेला.

बायको बाहेर आली. "काय म्हणत होता?"

"काही नाही." काका टेबलावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "अगं, परवाना परत करायला कुठे जावं लागतं गं?"

ती पदराने हात पुसत म्हणाली, "शेजारी विचारून येते."