शेंदूर पुसणारा हवालदार

देवांशी उघड वैर धरणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच बघितला, तो आमच्या गावचा फौजेतून पेन्शनीवर आलेला हवालदार. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शनिवारी माझ्या पोराच्या दगडावरचा शेंदूर रॉकेलानं पुसला तो. माझा सोपान मागल्या लढाईत पडला, तेव्हा गावानं वेशीपाशी त्याच्या नावाचा दगड उभा केला. शेजारी जुने वीरगळ आहेत. तेही कोणीतरी लढून मेलेलेच, पण शेंदराच्या थराखाली त्यांची तोंडंसुद्धा बुजलीत. एक आता खोकल्याचा देव झालाय, दुसरा गाभण म्हशींचा. सोपानचंही असंच होणार, ही हवालदाराची धास्ती.

म्हणून तो तिथं पहारा द्यायचा. अंगात बंडी, पायात फौजेतले बूट. वीरगळांना कडक सलाम ठोकायचा आणि नारळ घेऊन आलेल्या बायांना आडवा व्हायचा. एकदा पाटलाच्या म्हातारीला म्हणाला, "काकू, ह्यो देव न्हाई, सोपान हाय. तुमच्या चिंचा चोरायचा." म्हातारी म्हणाली, "आता चोरतुया का? मग झाला की देव!" हवालदार त्या दिवशी जेवला नाही. झेंड्याच्या दिवशी पुढारी येऊन 'अमर, अमर' करायला लागला, तर हा मागून ओरडला, "अमर कसला? मेलाय त्यो! कसा हुता ते सांगा!" पुढाऱ्याला नावही धड येईना. हार घालून गेला. मागं उभ्या जित्या शिपायाकडं त्यानं बघितलंही नाही.

माझी बायको होती तोवर दगडाला रोज कुंकू लावायची. तेवढं मात्र त्यानं कधी पुसलं नाही, तोंड फिरवून उभा राहायचा. विचारलं तर म्हणाला, "आईचं हाय ते. ती त्याला वळखती."

मंगळवारी हवालदार झोपेतच गेला. अंथरुणात मेला, म्हणून ना बिगुल, ना दगड. जाळून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेशीपाशी गेलो. बोलायचं काम त्याचं असायचं, मी नुसता रॉकेल धरायचो. गावात नवी आलेली एक सून शेंदराची वाटी घेऊन आली. "बाबा, ह्यो कशाचा देव?"

"माझा पोरगा हाय. बस, सांगतो."

ती बसली. मी सांगितलं, त्याला अंधाराचं लई भ्या वाटायचं. रात्री परसाकडं जायचं तर आईला कंदील घेऊन संगं जावं लागायचं.

तिनं वाटी खाली ठेवली. "मंग फौजेत कसा गेला वो?"

ते मला अजून कळलेलं नाही. तिला तसंच सांगितलं.