पठार स्थिर आहे

बायकोला नाही, मुलांना नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही — ही गोष्ट मी आजवर तोंडातून बाहेर काढलेली नाही. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून कदाचित जमेल. जमेल का? बघू.

लातुरात मी भूगोल शिकवायचो. परीक्षेचा भूगोल. पत्र्याच्या शेडमध्ये क्लास सुरू केला, तेव्हा शहरात शिकवण्यांचं पीक नुकतंच येऊ लागलं होतं. या धंद्याचा एक नियम होता — मास्तरानं 'माहीत नाही' म्हणायचं नाही. म्हणालात, की पोरं शेजारच्या क्लासला. झाकली मूठ सव्वा लाखाची! मी ती फार घट्ट झाकली होती.

'दख्खनचं पठार प्राचीन, कठीण बेसाल्टचं, म्हणून स्थिर. मोठे भूकंप हिमालयात.' हे वाक्य मी पोरांकडून एका सुरात म्हणवून घ्यायचो. कुणी कोयनेचं विचारलंच, तर 'ते धरणाच्या पाण्यामुळं' हे उत्तर तयार. कोयनेखालीही आपलाच काळा दगड आहे, हे मला ठाऊक नव्हतं? — होतं. पण त्यावर प्रश्न येत नसे.

रेखा माझी विद्यार्थिनी. औशाच्या पुढच्या एका खेड्यातली, लातुरात खोली करून राहायची. त्या काळात तिच्या गावाखाली जमीन अधूनमधून गुरगुरायची, फळीवरची भांडी वाजायची. एकदा बाजाराच्या दिवशी तिचे वडील, तुळशीराम, क्लासच्या दारात आले. ती तेव्हा आली नव्हती. चपला बाहेर काढून ते आत उभे राहिले.

"सर, जमीन लई गुरगुरायलीय. आमी समदे अंगणात झोपतो, पावसानं लेकरू भिजायलंय. रेखा म्हनती, आत झोपा. म्या न्हाई ऐकलं तिचं. तुमी शिकलेले. तुमी म्हनाल तसं करतो."

बाकांवरून पोरं बघत होती. 'मला माहीत नाही, बाहेरच झोपा' — एवढंच म्हणायचं होतं हो. त्यांचं घर कसलं असणार, हे मला न बघता कळत होतं. आमच्याकडची सगळी तशीच. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीचं जड माळवद. तरी मी खडू उचलला, फळ्यावर महाराष्ट्र काढला आणि हसत म्हणालो, "तुळशीराम, तुमचं गाव देशातल्या सगळ्यात पक्क्या दगडावर आहे. जा, बिनघोर आत झोपा."

पोरं हसली. तेही हसले, ओशाळून. जाताना मला हात जोडले.

गणपती बोळवले आणि पहाटे भूकंप झाला. तुळशीराम, त्यांची बायको, धाकटा मुलगा — तिघंही आत होते.

रेखा परत आली ती दिवाळीनंतर. पहिल्याच चाचणीत प्रश्न होता, पठार स्थिर का मानलं जातं. दुसऱ्या कुणीतरी काढलेली प्रश्नपत्रिका, मी वाचलीही नव्हती. तिनं माझं वाक्य शब्दाला शब्द लिहिलं होतं. मी पूर्ण गुण दिले. दुसरं काय देणार होतो?

त्या दिवशी क्लास सुटल्यावर ती थांबली. खाली बघत म्हणाली, "सर, बाबा बाहेरच झोपत होते. म्याच म्हनले, आत झोपा, आजारी पडाल. माझं ऐकून गेले सर ते आत."

हीच ती वेळ. तिच्या वडिलांचे शब्द माझ्या कानात होते — म्या न्हाई ऐकलं तिचं. बाकांवर तेव्हा बसलेली पोरं होती, पण भूकंपानंतर कुणीच तिच्यापुढे विषय काढत नव्हतं. सांगणारा मी एकटाच उरलो होतो. आणि मी काय म्हणालो?

"होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस."

तिच्या डोक्यावर हातही ठेवला मी. याच हातानं.

पुढे क्लासची इमारत झाली. भूकंपाचा धडा मी इतका रंगवून शिकवायचो, की अहमदपूर-निलंग्याहून पोरं त्यासाठी यायची. रेखा आता नांदेडला शाळेत शिकवते. दर गुरुपौर्णिमेला फोन करते. मागच्या खेपेला बोलता बोलता म्हणाली, "सर, मी अजून कुणाला सल्ला देत नाही. भीती वाटते."

मी म्हणालो, "बरोबर आहे." आणि तब्येतीची चौकशी केली.

तुळशीराम तिचं ऐकून आत गेले नव्हते. माझं ऐकून गेले होते.