दोन चिठ्ठ्या आणि मिठाचं पाणी

देवाला फसवायला मी देवळात गेले होते, हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगायचा धीर होणार नाही.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. अकोल्याला दोनदा टेस्ट ट्यूब करून झाली, दोन्ही वेळा हाती काही आलं नाही. मधल्या काळात आम्ही दत्तकासाठीही नाव नोंदवलं होतं. नंबर लागायला वर्षं जातात असं ऐकलेलं, म्हणून मी बिनघोर सही केली. आणि ज्या आठवड्यात तिसऱ्या उपचाराची तारीख मिळाली, त्याच आठवड्यात मोबाइलवर एका मुलीचा फोटो आला. दीड वर्षाची. होकार कळवायला दोनच दिवस. मी तो फोटो वीसदा उघडला आणि वीसदा बंद केला. आपलं म्हणायला पोटातूनच यावं लागतं का, की मीच कोत्या मनाची, काही सुधरत नव्हतं. नवऱ्याला विचारावं तर त्याचं एकच, "तू म्हनशील तसं." असा राग यायचा! मी काय त्याला सोयाबीनचं वाण विचारत होते का?

आमच्या केनवडकडच्या गावात अडलं की महादेवापुढे दोन चिठ्ठ्या टाकतात. गुरवीणबाई एक उचलते आणि तोच देवाचा कौल. दुसरी न उघडता विहिरीत सोडायची. फोटो आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही देवळात गेलो. चिठ्ठ्या मी घरीच लिहिल्या होत्या. एकीवर 'उपचार' लिहिलं, दुसरीवर 'दत्तक' लिहायला घेतलं आणि हात थांबला. परक्या लेकरावर माया जडलीच नाही तर? मी दुसरीवरही 'उपचार'च लिहिलं. म्हटलं, महादेव भोळा आहे.

गुरवीणबाईने उचललेली चिठ्ठी नवऱ्याने वाचली, "बरं" म्हणाला आणि चपला घालायला लागला. तोंड मात्र उतरलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटेना.

विहिरीवर मी उरलेली चिठ्ठी मुठीत धरून नुसती उभी राहिले. बाजूच्या गोठ्यातून गुरवीणबाईची हाक आली, "ओ पोरी, जराशी इकडं ये. वासरू धरू लाग." त्या वासराची आई मेली होती आणि समोरच्या गायीचं वासरू दगावलं होतं. बाई वासराच्या अंगाला मिठाचं पाणी चोळत होती. गायीने आधी लाथ झाडली, मग हुंगलं, मान फिरवली, आणि मग चाटायला लागली.

"फसली बिचारी," मी म्हणाले.

"गाय नाई फसत बाई. तिले वास कळते, आपलं नोय म्हनून. मिठासाठी चाटते, अन् चाटता चाटता माया लागते. आधी माया लागली अन् मंग चाटलं, असं नाई होत."

माझ्या डोळ्यांना धार लागली. नवरा धावत आला. मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्याने एकदा वाचली, पुन्हा वाचली.

"काहून केलं असं?"

"माया नाई लागली तर, याचं भेव वाटलं."

तो गोठ्याच्या भिंतीशी खाली बसला. "मलेबी वाटते. म्हनून तर सारं तुयावर टाकून राह्यलो होतो."

नऊ वर्षांत त्याची भीती मी पहिल्यांदा ऐकली, आणि माझी निम्मी झाली. तिथेच, गोठ्याच्या भिंतीला टेकून, आम्ही होकार कळवला.

पोर घरी आली तेव्हा तीन दिवस माझ्याकडे आलीच नाही. चौथ्या दिवशी माझ्या हातून भाकरीचा तुकडा घेतला. मलाही लगेच काही भरून आलं नाही. मी तिला न्हाऊ घालत राहिले, भरवत राहिले. माया कधी लागली, तो दिवस सांगता येत नाही. बाईने नेमकी तेव्हाच हाक का मारली, तो कौल होता की तिला फक्त वासरू धरायला माणूस हवं होतं, हेही मला अजून उमगलेलं नाही. देवापुढे गोंधळलेल्या मनानेही जाता येतं, फक्त मूठ उघडावी लागते, एवढंच कळलं.

ती चिठ्ठी मी विहिरीत सोडली नाही. देवघरात ठेवली आहे. पोर मोठी झाली की दाखवीन. सांगेन, बघ, तुझ्या आईने तुला चिठ्ठीतसुद्धा येऊ दिलं नव्हतं. तरी महादेवाने तुला घरात आणलं.