मढं दिसलं, खून हुकला

विनोदी खूनपटाचा दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा जास्त आवडतो. पहिल्यात माणसं ओळखण्यातच निम्मा वेळ जातो. दुसऱ्यात तो गबाळा तपासनीस, त्याची तोंडाळ मेहुणी, चहा सांडणारा हवालदार, सगळे ओळखीचे झालेले असतात. मढं तेवढं नवं. माहेरी गेल्यासारखंच ते. माणसं तीच, भांडण ताजं.

असाच एक पहिला भाग मी सांगलीला दिलेल्या धाकट्या बहिणीबरोबर पाहिला होता. दुसराही दोघींनी मिळूनच पाहायचा आणि तोवर खुनी कोण हे कानावर येऊ द्यायचं नाही, असं ठरलं होतं. कोरेगावात माझं शिवणकामाचं दुकान आहे. दिवसभर बायकांची ये-जा. सिनेमा लागल्यापासून मी प्रत्येकीला दारातच बजावत होते, "पिक्चरचं बोलायचं असेल तर ब्लाउज उद्या मिळेल." मोबाइलवरच्या घरच्यांच्या गटातूनही बाहेर पडले. नणंद रुसली. रुसू दे म्हटलं.

शनिवारी दुकान बंद ठेवून सांगली गाठली. दुपारचा खेळ होता. बहिणीकडे पाणी पिऊन लगेच निघायचं, एवढाच बेत. पण तिच्या सासूबाईंनी पुरण घातलं होतं.

"मावशी, आल्यावर जेवते."

"आल्यावर कशाला? उपाशी जाऊन मढं बघतीस व्हय? बस. सिनेमा काय पळून जातोय?"

"सिनेमा नाही पळत, खून पळतो. तो सुरुवातीलाच असतो."

"मग बरंच की! रक्त बघून जेवान अंगी लागत न्हाई."

जेवले. हात धुऊन चप्पल घालते तर त्या खण, तांदूळ आणि नारळ घेऊन उभ्या. सवाष्णीनं मोकळ्या ओटीनं उंबरा ओलांडायचा न्हाई म्हणे.

"अहो मावशी, मी संध्याकाळी इथंच परत येणार आहे."

"तवा परत भरीन."

बहीण पदराआड हसत होती. मला हसू येत नव्हतं.

ओटी पिशवीत कोंबून रिक्षा केली. थिएटरच्या दारात सुरक्षारक्षकानं पिशवी उघडायला लावली.

"बाहेरचं खायचं आत न्हाई चालत, ताई."

"हा आख्खा नारळ आहे. मी काय आत बसून फोडणार आहे?"

"मला काय म्हायती? तांदूळ पण हाय."

"ते कच्चे आहेत!"

त्यानं साहेबाला विचारलं, साहेबानं आणखी कुणाला. शेवटी पिशवी त्याच्या टेबलाखाली ठेवून आम्ही आत धावलो. पडद्यावर मढ्यावर चादर ओढली जात होती आणि अख्खं थिएटर खदाखदा हसत होतं.

डावीकडे बहीण बसली, उजवीकडे एक वयस्कर गृहस्थ होते. मी हळूच विचारलं, "कोण मेलं हो?"

"मंगल कार्यालयाचा मालक," ते आपुलकीनं म्हणाले. "आन मारलं त्या मेंदीवालीनं. आमी दुसऱ्यांदा आलोय. लय भारी हाय. बघा आता निवांत."

काय बघणार, कपाळ? मी कोण मेलं एवढंच विचारलं होतं. पण आमच्याकडे विचारलं तेवढंच सांगणं हा कंजूषपणा समजतात.

बहिणीनं काही ऐकलं नव्हतं. ती दर दहा मिनिटांनी माझा दंड चिमटत होती. "आचारीच असणार बघ." मग, "नाही, नवरीचा मामा." मी म्हणायचे, "असेल." तर्क लढवणं हेच अशा सिनेमातलं प्रेक्षकाचं काम, आणि मी तिथं बिनकामाची बसले होते. मेंदीवाली नवरीच्या हातावर चुकीच्या नवऱ्याचं नाव काढते तेव्हा सगळे हसून लोळले. मी नुसती तिच्या हातातला कोन बघत होते.

"अशी गप्प का गं? झोपलीस?"

"बघू दे की."

बोलले असते तर तिचाही सिनेमा गेला असता.

शेवटी मेंदीवाली पकडली गेली. बहीण ओरडलीच, "बाई बाई! ही?" आणि माझ्या मांडीवर सणसणीत चापटी मारली. "तुला आला होता संशय?"

"नाही."

"मग! तू मोठी हुशार!" बाहेर पडेपर्यंत ती खूश होती. "तिसरा भाग येणार म्हणे. येशील ना?"

"येईन. पण थेट थिएटरवर. घरी नंतर."

"आणि सासूबाईंना काय सांगू?"

"सांग, माझा उपवास आहे."

ती थांबली, माझ्याकडे बघून म्हणाली, "मग त्या आदल्या दिवशीच साबुदाणा भिजत घालतील."