पंख्यात अडकलेलं जाळं

ओलं जाळं उन्हात पसरलं की त्याला एक वास सुटतो. मासळीचा म्हणाल तर तो नव्हे. शेवाळ, गाळ, पेट्रोल आणि तापलेलं नायलॉन यांचा मिळून झालेला, नाकाला आधी नकोसा वाटणारा आणि मग सोडवेना असा हा वास आहे. टेंभुर्णीच्या पुढे हमरस्ता सोडून उसाच्या पट्ट्यातून धरणाच्या फुगवट्याकडे उतरायला लागलं की शेवटच्या वळणावर तो भेटतो, आणि माझा हात आपोआप शर्टाच्या वरच्या खिशाकडे जातो. खिशात काही नसतं. तिथं लहान कात्री ठेवायची सवय माझ्या वडिलांची होती, माझी नव्हे. पण वास येतो आणि हात जातो.

आज माझी लेक मैत्रिणींना घेऊन इथं आली आहे. होडीतून पलीकडच्या उथळ पाण्यापर्यंत जायचं, पक्षी बघायचे, गळ टाकायचा, परत येऊन चिलापी तळून घ्यायची, असा बेत. मला तिनं गाडी चालवायला आणलं आहे असं ती म्हणते. खरं म्हणजे मीच हट्टानं आलो. सोलापूरच्या माणसाला पाण्याचं वेड असतं, यावर बाहेरच्या लोकांचा विश्वास बसत नाही. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात वाढलेला माणूस एवढं पाणी एका जागी बघितलं की खुळ्यासारखा बघतच राहतो. समुद्र वर्षातून एकदा, तोही जमला तर. आमचा समुद्र हाच. मात्र दुपार कलली आहे, पाण्यावर बारीक सुरकुत्या पडू लागल्या आहेत, आणि या सुरकुत्या मला आवडत नाहीत. होडी अजून काठालाच आहे. मी बाभळीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चहा थंड करतो आहे.

नायना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर जॉबर होते. नायना म्हणजे वडील. आमच्या घरात तेलुगू बोलतात. माग बिघडला की दुरुस्त करायचा, तुटलेला धागा कुठं तुटला ते नुसत्या बोटांनी शोधायचं, हे त्यांचं काम. भवानी पेठेतल्या घरातून सकाळी सायकल काढायची आणि दिवसभर त्या खडखडाटात उभं राहायचं. पन्नाशीतच त्यांचे दोन्ही कान गेले. पण कान गेले म्हणून त्यांचं कुठं अडलं नाही, कारण यंत्रमागाच्या शेडमध्ये कानांवर कुणी विसंबतच नाही. तिथं सगळे ओठांवरचं वाचतात. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला डबा खाल्लास का विचारतो, तेही आवाज न काढता, आणि उत्तर मिळतं. नायना तर दोन रांगा पलीकडची भांडणं वाचून आम्हाला घरी येऊन सांगायचे. मलाही त्यांनी लहानपणी हे शिकवलं, नंतर माझ्या लेकीला शिकवलं. माझ्या आईला न कळता आजोबा आणि नात जेवणाच्या ताटावर बसून गुपचूप गप्पा मारायची. आई चिडायची, म्हणायची, "मुकं पिक्चर लावलंय काय रोज!"

साप्ताहिक सुट्टीला नायना, मी आणि लेक असे आम्ही तिघं या काठावर यायचो. नायनांना गळाचा नाद होता. कणकेच्या गोळीत हळद मिसळून ती गळाला लावायची आणि तासन्‌तास पाण्याकडे बघत बसायचं. दोरीला लागलेला झटका बोटाला कळतो, त्याला कान कशाला पाहिजेत, असं ते म्हणायचे. इथला एक नावाडी त्यांचा दोस्त झाला होता. वयानं त्यांच्याहून लहान, उन्हानं रापलेला, बोलायला मोठा खट. नायनांशी बोलताना मात्र तो समोर येऊन, टोपी मागं सरकवून, तोंड नीट दिसेल असा उभा राहायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्यासारख्या शिकलेल्या, टॉवेल कंपनीच्या ऑफिसात बसणाऱ्या मुलाला जे प्रत्येक वेळी सुचत नसे, ते त्याला सुचत होतं.

त्या दिवशीही अशीच दुपार होती. लेक तेव्हा आठ वर्षांची. तिच्या अंगात तरंगायचं जाकीट होतं. आम्ही मोठी माणसं आमची जाकिटं बुडाखाली घेऊन बसलो होतो, कारण फळी टोचत होती. आता हे आठवतानाही मला माझी लाज वाटते. परत फिरायला आम्ही उशीर केला, तोही माझ्यामुळे, मला अजून एक फोटो हवा होता. वारा एकदम उठला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या बाभळींची खोडं वीतभर पाण्याखाली येतात, दिसत नाहीत. ती चाचपायला नावाड्यानं बांबू घेतला आणि तो पुढच्या टोकाला गेला. जाताना नायनांसमोर बसून म्हणाला, "मशीनचा दांडा तुमी धरा. तुमास्नी मशीन कळतंय. म्या हात करीन तसं वळवा."

नायनांचा चेहरा उजळला. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाती कुणी मशीन दिलं नव्हतं. ते ताठ बसले, होडीच्या इंजिनाच्या दांड्यावर तळहात ठेवला आणि नातीकडे बघून डोळा मिचकावला.

अर्धं पाणी कापलं असेल. लाटा आता होडीच्या पोटावर धपाधप बसत होत्या. वाऱ्यानं कुणाचं तरी जाळं जागचं सुटून वाहत आलं होतं, ते कुणालाच दिसलं नाही. मशीनचा आवाज बदलला. मला तो ऐकू आला. नायनांना तो तळहातात कळला असावा. चाळीस वर्षांची सवय, धागा तुटला की आधी माग बंद. त्यांनी क्षणाचाही विचार न करता मशीन बंद केलं.

मशीन बंद झालं आणि होडी आडवी फिरली. पहिली लाट होडीच्या काठावरून आत आली ती थेट लेकीच्या मांडीवर. ती ओरडली. दुसऱ्या लाटेला होडी एका अंगानं इतकी खाली गेली की मला पाण्याचा तळ दिसल्याचा भास झाला. पोहता आम्हा तिघांनाही येत नव्हतं. भवानी पेठेत पोहायला कोण शिकवणार? मी लेकीला गुडघ्यांत आवळलं आणि मागं वळून नायनांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. मी पुटपुटलो. मोठ्यानं नव्हे, ओठांतल्या ओठांत, तेलुगूत, म्हणजे नावाड्यालाही कळू नये.

"या म्हाताऱ्याला आणलंच कशाला."

एवढंच म्हणालो. नावाडी तोवर चारी पायांवर रांगत मागं आला होता. त्यानं वल्हं पाण्यात घालून होडीचं तोंड वाऱ्याकडे धरलं, एका हातानं मशीन उचलून पंखा पाण्याबाहेर काढायचा प्रयत्न केला. पंख्याला जाळं मुठीएवढं गुंडाळलं होतं. वल्हं सोडलं तर होडी पुन्हा आडवी होणार आणि पंखा मोकळा करायला दोन्ही हात पाहिजेत. तो माझ्याकडे बघून ओरडला, "दादा, कापा की ते! वल्हं सोडता येत न्हाय मला!"

लेकीला सोडून मागं जायचं माझ्यानं होईना. नायनांनी डोक्याचा टॉवेल सोडला, कमरेला आवळून बांधला, त्याचं टोक माझ्या हाती दिलं आणि मागच्या काठावरून पालथे होऊन कोपरांपर्यंत पाण्यात वाकले. वरच्या खिशातली कात्री दातांत धरली होती. दर लाटेला त्यांचं डोकं पाण्यात जाई आणि वर येई. आमच्याच मागावर विणलेला तो टॉवेल माझ्या मुठीत ताणला जात होता आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्याची वीण घट्ट असू दे म्हणून देवाला विनवत होतो. त्यांनी सरसकट कापलं नाही. बोटांनी चाचपून एकेक पदर शोधला, जो कापल्यानं बाकीचे सैल होतील तेवढाच कापला. किती वेळ गेला ठाऊक नाही. लेक रडायची थांबून आजोबांच्या पाठीकडे बघत होती. शेवटी त्यांनी एक हात वर केला. नावाड्यानं मशीनची दोरी ओढली, दोनदा फसली, तिसऱ्यांदा मशीन लागलं.

काठाला लागल्यावर मी लेकीला उतरवून घेतलं. मी नावाड्याला म्हणालो, "मशीन बंद केलं नसतं तर ही वेळ आली नसती." नायना चार हात अंतरावर उभे राहून टॉवेल पिळत होते, पाठ आमच्याकडे. नावाडी होडी बांधायचा थांबला.

"आवो, काय बोलताय? बंद केलं म्हनून वाचलो की. आनि थोडा येळ चाललं असतं तर पंख्याची पिन तुटली असती. मग काय वल्ह्यावर आलो असतो व्हय या वाऱ्यात? मशीनवाला मानूस होता म्हनून. तुमी असता तर जोर दिला असता."

खरं होतं. मी जोरच दिला असता.

परतताना नायना गाडीत मागं नातीला कुशीत घेऊन झोपले होते. मी रस्ताभर स्वतःची समजूत घालत होतो. त्यांना ऐकू येत नाही. वारा होता. मी पुटपुटलो होतो. ओठ तरी कितीसे हलले असतील? सोलापूर येईपर्यंत माझी खात्री पटली की त्यांना काही कळलेलं नाही. माणसाला स्वतःला फसवायला फार वेळ लागत नाही, आणि मी तर कष्टानं फसवत होतो.

तीन आठवड्यांनी मी म्हणालो, "नायना, या सुट्टीला जाऊ या की." ते उंबऱ्यात बसून गळाची दोरी गुंडाळत होते. मान वर करून माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि तेच शब्द म्हणाले. तेलुगूत, त्याच क्रमानं. या म्हाताऱ्याला आणलंच कशाला. रागानं नव्हे, भाजी वाढू का विचारल्यावर माणूस नको म्हणतो, तितक्या साधेपणानं. वर हसून म्हणाले, "पोरीला ने. तिला आता वारा कळतो."

तेव्हा माफी मागायची होती. मी "बरं" म्हणालो.

त्यानंतर ते पाण्यावर आले नाहीत. नावाडी दर खेपेला विचारायचा, "जॉबरसाहेब न्हाई आलं?" आणि मी गुडघ्यांचं दुखणं सांगायचो. माफी मी मागितली, नाही असं नाही. एकदा जुन्या दोस्तांना भेटायला ते शेडमध्ये आले होते. सगळे माग चालू होते. ते एका मागापाशी वाकून धागा बघत होते आणि मी त्यांच्या पाठीमागं उभा राहून म्हणालो, नायना, माझं चुकलं. मोठ्यानं म्हणालो. माझं मलाही ऐकू आलं नाही. ज्या माणसाला फक्त समोरून ऐकू येतं, त्याची माफी मी मागून मागितली आणि हलक्या मनानं जेवायला गेलो. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आडव्या होडीत ते माझ्याकडे का बघत होते, याचा मी कधी विचारच केला नव्हता. ज्याचे कान गेले तो माणूस घाबरला की तोंडाकडे बघतो. पुढं काय करायचं ते त्याला तिथंच कळणार असतं. त्या लाटांत ते मला विचारत होते, आता काय करू? आणि मी जे उत्तर दिलं ते दिलं.

आता माझाही उजवा कान जड झाला आहे. ऑफिसात बसलो तरी दिवसातून वीस वेळा शेडमधून जावं लागतं, त्याची ही कमाई. होडी सुटली आहे. लेकीनं सगळ्या मैत्रिणींना जाकिटं घालायला लावली, बंद स्वतः ओढून बघितले, एकीला बुडाखालचं जाकीट काढायला लावून दरडावलंही. मशीन लागलं. ती मागच्या फळीवर, माझ्याकडे तोंड करून बसली आहे. जिथं नायना बसले होते, तिथंच.

होडी दूर जाते आहे. वास अजून येतो आहे. वारा तसाच आहे, थोडा वाढलेला. मी खुर्चीवरून उठलो, काठापर्यंत गेलो, आणि त्या फळीकडे बघून, आवाज न काढता, शेडमध्ये बोलतात तसं तोंड मोठं करून, घरच्या भाषेत म्हणालो, "नायना, माझं चुकलं."

लेकीनं मान वाकडी केली. तिनं वाचलं होतं. आजोबांनी शिकवलेलं ती विसरलेली नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. तिचे ओठ हलले, सावकाश, मला नीट दिसावेत असे: "काय चुकलं, बाबा?"

मी मान हलवली. वारा बघ, असं हातानं सांगितलं, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तोंड तिच्याकडेच ठेवून उभा राहिलो.