नळाला पाणी नाही, घरात समुद्र

हर्सूलकडच्या त्या कॉलनीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, आलं तर. अशा ठिकाणी घरात समुद्र पाळायची हौस शहाण्या माणसाला व्हायची नाही. इंद्रजीतला झाली.

इंद्रजीत चिकलठाण्याच्या एका कारखान्यात माल तपासायला असतो. दिवसभर दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवायची, हीच त्याची नोकरी. घरी आला की तीच नजर भाजीतल्या मिठावर. त्याची बायको मोनिका चारचौघींत म्हणायची, "यांना मोजायला दुसरं काहीतरी द्या गं कुणी!" शेवटी ते त्यानंच आणलं. काचेची भलीमोठी टाकी, गोणीभर समुद्री मीठ आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. गल्ली दर्शनाला लोटली. "साहेब, तळायचे का रश्श्यात सोडायचे?" असं एकानं विचारलं, त्याच्याशी इंद्रजीत अजून नीट बोलत नाही.

पण महिन्याभरात एक मासा गेला. मोनिकानं त्याच दिवशी निकाल देऊन टाकला. "हा दुसराबी गेला ना, तर टाकी गच्चीवर. मी त्यात कोथिंबीर लावणारंय."

तेव्हापासून इंद्रजीतची झोप उडाली. तो रोज काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचा, औषधाचे थेंब सोडायचा आणि रंग बदलायची वाट बघत बसायचा. खारटपणा ठीक होता. बिघडत होती ती अल्कलिनिटी. ही एकदा उतरली की पाणी आंबटपणाकडे झुकतं आणि मासा मलूल होतो. ती सारखी उतरत होती. त्यानं ती वाढवायची पूड टाकली, जरा चढली. टाकीतलं थोडं पाणी बदललं, पुन्हा उतरली. उतरली म्हणून त्यानं आणखी पाणी बदललं. आणखी उतरली! कारखान्यात ज्याच्या शेऱ्याला अख्खी पाळी घाबरते, तो माणूस घरात बोटभर नळीपुढं डोकं धरून बसायचा.

"पाण्यावर रागावून काय होणारंय?" मोनिका म्हणायची. "आमच्यावर रागवायचंच राहिलं असंल तर तेही उरकून घ्या."

बदलायच्या पाण्याचा निळा ड्रम मागच्या गॅलरीत होता. नळाचं पाणी त्यात काही दिवस निवळू द्यायचं, मग मीठ कालवायचं. घरातल्या फिल्टरचं पाणी घ्यायला मोनिकाची सक्त मनाई. बादलीभर शुद्ध पाण्यामागं तीन बादल्या मोरीत जातात, हे कोणती गृहिणी बघून घेईल?

परवाच्या रविवारी मासा खाली वाळूवर टेकला. दाण्याकडंही बघेना. इंद्रजीत घाईघाईनं गॅलरीत गेला, तर ड्रमपाशी त्याची आई, सारजाबाई. सिल्लोडकडची म्हातारी, पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात पाण्यात. गरागरा काहीतरी फिरवत होती.

"आई, काय करतीयेस?"

"तुरटी फिरवतीय. लई गढूळ पाणी येतंय बाबा आवंदा. तुझ्या माशाला तसलं पाजायचं व्हय?"

"कधीपासून?"

"म्हणजे? दर खेपेला पाणी भरलं की फिरवतेच की मी. ह्या पिंपात जरा जास्तीच फिरवते. मुकं जनावर, सांगतंय का त्येला पोट दुखतंय म्हणून?"

इंद्रजीत तिथंच पाटावर बसला. तुरटी पाण्यातली अल्कलिनिटी खाते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सगळं मोजलं होतं त्यानं. टाकी मोजली, पूड मोजली. ड्रममधलं पाणी तेवढं मोजलं नव्हतं. ते आपलं घरचं पाणी!

"आई, ह्यानंच मेला गं तो!"

सारजाबाईंचा हात पाण्यातच थांबला. "ह्याच पाण्यावर तुला वाढवला. तू मेलास का?"

आता बिनतुरटीचं पाणी आणायचं कुठून? नळाला अजून तीन दिवस होते. इंद्रजीतनं मोनिकाकडं बघितलं. मोनिकानं माशाकडं बघितलं, मग सासूच्या उतरलेल्या चेहऱ्याकडं.

"लावा फिल्टर. वाया जाणाऱ्या पाण्यात मी चादरी भिजवते. पण घरातलं साठवलेलं पाणी त्यात संपणार, तेव्हा उद्या पिण्याचा जार तुम्हीच उचलून आणायचा."

त्यानं तेच पाणी घेतलं, त्यात मीठ कालवलं आणि दोन दिवस थोडं थोडं करून टाकीतलं पाणी बदललं. बुधवारी नळीतला रंग जागेवर आला. मासा वर आला, दाणा टिपला, दुसऱ्यावर झडप घातली. कोथिंबीर लांबली.

इंद्रजीत आनंदानं आईला बोलवायला गेला, तर सारजाबाई स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या पाण्याच्या हंड्यापुढं हात बांधून बसलेल्या.

"ह्यातबी नाय फिरवली मी. उद्या म्हणशील, घरातली लेकरं आजारी पडली."

"आई, ह्यात चालती गं. माणसाला चालती."

"माशाला इख अन् माणसाला चालती? नीट सांग मला."

इंद्रजीतनं अल्कलिनिटी समजावली. म्हातारीनं मान हलवली. पुन्हा समजावली, पुन्हा मान हलली. आत मोनिका चादरी पिळता पिळता हसत होती. शेवटी तपासनीस साहेबांनी बाही वर सारली, तुरटीचा खडा उचलला आणि आईच्या नजरेसमोर हंड्यात गरागरा फिरवायला सुरुवात केली.

"उलटा फिरवतोस," सारजाबाई म्हणाल्या. "आण इकडं."