चौथ्या डब्यावरची चिठ्ठी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे, ते मलाही नीट कळत नाही — पण सांगते.

नव्वदच्या दशकात बनारसला आमची एक छोटीशी फिल्म सोसायटी होती. त्या वर्षी आम्ही एका परदेशी दिग्दर्शकाच्या चित्रपटांचा तीन दिवसांचा महोत्सव केला. काळोखे, स्वप्नासारखे चित्रपट — अर्धे कळायचे नाहीत, आणि कळत नाहीत म्हणूनच आम्ही खूश! घरून, दूधविनायकच्या गल्लीतून, मी मोठ्या ऐटीत निघायचे. प्रास्ताविक माझं, चर्चाही माझीच.

प्रोजेक्टर चालवायचे शिवनाथजी. वयाने माझ्या वडिलांएवढे, रामनगरहून नावेने यायचे. प्रत्येक रिळाची पट्टी आधी खिडकीच्या उजेडात धरून तिच्यावरचा क्रमांक बघायचा, ही त्यांची सवय. खेळ संपला की दारात उभं राहून विचारायचे, "कैसी लगी, दीदी?"

दुसऱ्या दिवशी उशीर होत होता. मीच म्हटलं, बघत बसू नका, डब्यांवर मी नव्या चिठ्ठ्या चिकटवल्यात. त्यांनी ऐकलं. विश्वास होता ना माझ्यावर!

तिसऱ्या आणि चौथ्या रिळाच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. पडद्यावर आईला पुरलं, आणि पुढच्या रिळात ती केस विंचरत बसली. मला शंकासुद्धा आली नाही. उलट चर्चेत त्यावरच दहा मिनिटं बोलले — मृत्यू, स्मृती, उलटा वाहणारा काळ — काय काय! टाळ्या पडल्या.

तेवढ्यात शिवनाथजी केबिनमधून बाहेर आले. हात जोडून म्हणाले, "दीदी, माफ कीजिएगा. रील आगे-पीछे चल गई. हमसे गलती हो गई."

हमसे! चिठ्ठी माझ्या अक्षरातली होती, आणि ते त्यांना ठाऊक होतं. मलाही त्या क्षणी सगळं कळलं. मग मी काय केलं? हसले. म्हटलं, "शिवनाथजी, ये सपना है. आप मशीन देखिए, सिनेमा हम पर छोड़िए."

सगळं सभागृह हसलं. ते मान खाली घालून आत गेले. नंतर कोणी नसताना मी चिठ्ठ्या उपटून बरोबर लावल्या.

पुढे चार वर्षं ते आमच्याकडे येत राहिले. "कैसी लगी" पुन्हा कधी विचारलं नाही. मी समोर उभी असले, तरी प्रत्येक रीळ खिडकीशी धरून बघायचे. मी बघत राहायचे.